अमेरिकी कॉलेजात महिला बास्केटबॉलची कोच : वाट कुठून सुरू होते, कुठे अडते

बाउन्सपास

अमेरिकेत कॉलेजच्या संघात खेळून पुढे कोचिंगकडे वळू पाहणाऱ्या मुली आता आपल्या लोकांतही दिसायला लागल्या आहेत. पालक विचारतात, "यात करिअर असतं का?" आणि मुली विचारतात, "सुरुवात कुठून करू?" नेटवर सल्ले पोत्याने आहेत, पण बहुतेक 'मेहनत घ्या, ओळखी वाढवा' छापाचे. या धाग्यात नेमकं लिहूया. पदं कोणती, त्या पदावर दिवसभर काय करावं लागतं आणि माणूस अडकतो कुठे.

आधी नकाशा. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना; तिच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. डिव्हिजन २ मध्ये संघामागे १० पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते, ती तुकड्यांत वाटतात. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती शून्य. याखेरीज एनएआयए या वेगळ्या संघटनेची छोटी कॉलेजं आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं, ज्यांना सगळे 'जुको' म्हणतात.

पदांची उतरंड वरून खाली अशी: हेड कोच, असोसिएट हेड कोच, असिस्टंट, ऑपरेशन्स डायरेक्टर (नुसतं 'ऑप्स'), व्हिडिओ कोऑर्डिनेटर, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे 'जीए', आणि विद्यार्थी मॅनेजर. छोट्या कॉलेजात ही सगळी पदं दीड माणसात बसवलेली असतात. जाणकारांनी भर घालावी.

पिकअँडरोल

चांगला धागा. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नव्या मुली इथेच चुकतात. मोठ्या नावाच्या डिव्हिजन १ कॉलेजात ऑप्सची जागा मिळाली म्हणजे कोचिंगमध्ये शिरलो, असं नाही. ऑप्स म्हणजे बस, विमान, हॉटेल, जेवण, तिकिटं, कॅम्पची नोंदणी, पर डीएमचा (रोजच्या भत्त्याचा) हिशेब. मुक्कामाच्या सामन्याला २५-३० माणसांची खोल्यांची यादी, सामन्याच्या चार तास आधीचं जेवण, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुणाची परीक्षा हॉटेलात घ्यायची आणि तिथे पर्यवेक्षक कोण, हे सगळं तिच्याकडे. जबाबदारीचं काम आहे, पण नियमानुसार तिला कोर्टवर खेळाडूंना शिकवता येत नाही. रिबाउंड करून चेंडू परत देणंसुद्धा कधी 'शिकवण्यात' मोडेल, हे कम्प्लायन्सवाल्यांना (कॉलेजात नियमपालन बघणाऱ्यांना) विचारावं लागतं.

२०२३-२४ पासून हेड कोच आणि तीन असिस्टंट यांच्याशिवाय आणखी दोघांना कोर्टवर शिकवायची मुभा मिळाली. मूळ नियमाप्रमाणे या दोघांना कॅम्पसबाहेर रिक्रूटिंग (नव्या खेळाडूंचा शोध आणि भरती) करता येत नव्हतं. त्यामुळे जाहिरातीतलं पदनाम वाचून निर्णय घेऊ नका. मुलाखतीत सरळ विचारा: "ही जागा नियमाप्रमाणे कोचिंगची आहे की नाही? रस्त्यावर रिक्रूटिंगला कोण जातं?"

डोंबिवली_ते_डेट्रॉइट

पिकअँडरोल, अर्धं पटलं. ऑप्समधून असिस्टंट झालेल्या बऱ्याच आहेत. मोठ्या स्टाफमध्ये हेड कोच दुसऱ्या कॉलेजात गेली की कुणाला तरी सोबत घेऊन जाते, आणि तेव्हा विश्वासातली ऑप्सवाली असिस्टंट होऊन जाते. छोट्या कॉलेजातल्या जीएला ही लिफ्ट मिळत नाही.

पिकअँडरोल

लिफ्ट मिळते हे खरं. पण लिफ्ट थांबली तर? तीन वर्षं बस ठरवून झाल्यावर पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "तू आणलेली खेळाडू कोण? तू केलेले स्काउट (प्रतिस्पर्धी संघाचे अभ्यास) दाखव." दाखवायला काही नसतं. डिव्हिजन २ किंवा ३ मधली जीए पहिल्या महिन्यापासून गार्डचा (चेंडू पुढे नेणाऱ्या बाहेरच्या खेळाडूंचा) सराव घेते, स्काउट करते, शाळांत जाते. पगार चहापाण्याइतका, पण हात काळे होतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं खाली कोर्टवर, मग वर.

आई_बाकावरची

जीए म्हणजे नक्की काय मिळतं? आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या मुलीला ते करता येतं का?

मिडरेंज_मावशी

आई_बाकावरची, जीए म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ (पूर्ण किंवा अंशतः) आणि वर थोडं मानधन. कुठे राहायला खोली आणि मेसचं कार्ड, कुठे काहीच नाही. पत्र हातात आल्यावर चार गोष्टी बघा. माफी फक्त ट्यूशनची की इतर शुल्कांचीही? उन्हाळ्याचे क्रेडिट धरलेत का? मानधन किती महिन्यांचं, ९, १० की १२? आरोग्यविमा कोण भरतं? उन्हाळ्याचे दोन महिने बहुतेक पत्रांत गायब असतात, आणि नेमकं तेव्हाच कॅम्पचं काम सर्वांत जास्त असतं.

एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. बास्केटबॉलचा हंगाम २० तासांत मावत नाही. इथे गडबड होते. 'बाकीचं काम स्वेच्छेने कर' असं कुणी म्हणालं तर हो म्हणायच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. व्हिसा मोडला तर कोच वाचवू शकत नाही.

पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, आणि ती नोकरी पदवीच्या विषयाशी जोडलेली असावी लागते. स्पोर्ट मॅनेजमेंट स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे २४ महिन्यांची वाढ नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्ससारख्या विषयात मास्टर्स केलं तर वाढीचं दार उघडं राहतं, आणि हल्ली स्टाफला आकडेवारीची माणसं हवीही असतात. पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागला तर विद्यापीठं लॉटरीच्या मर्यादेबाहेर आहेत. आयटीवाल्यांना नसलेली ही सोय आपल्याला आहे. मात्र इतक्या छोट्या पगाराच्या जागेसाठी अर्जाचा खर्च करायला विद्यापीठ तयार आहे का, हे आधी कळायला हवं.

शेलड्रिल

कामाच्या गाभ्यावर लिहितो, कारण बढती त्यावर ठरते. स्काउट.

तीन असिस्टंट असतील तर प्रतिस्पर्धी वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकीकडे दर तिसरा सामना. सामना गुरुवारचा असेल तर तिचं काम आधीच्या गुरुवारीच सुरू झालेलं असतं. सिनर्जी या व्हिडिओ-सेवेवरून त्या संघाचे शेवटचे चार-पाच सामने घ्यायचे. सगळ्या हंगामाची सरासरी फसवी असते, कारण नोव्हेंबरमधले कमकुवत संघ त्यात मिसळलेले असतात. मग कापाकापी: हाफ कोर्टचे सेट (ठरलेल्या खेळी), बॉल स्क्रीनवर (सहकारी चेंडूवालीच्या बचावपटूची वाट अडवते तेव्हा) ते काय करतात, बेसलाइनखालून आणि बाजूने चेंडू आत टाकतानाच्या खेळी, प्रेस (कोर्टभर दबावाचा बचाव) तोडण्याची पद्धत, आणि टाइमआउटनंतरची पहिली खेळी. ही शेवटची यादी वेगळी ठेवा. दमलेल्या सामन्यात कोच आपल्या आवडत्या दोन-तीन खेळींकडेच परत येते.

आवाज चालू ठेवून बघा. बाकावरून दिलेली हाक ऐकू येते, मुठीची किंवा दोन बोटांची खूण दिसते. कुठल्या हाकेला कुठली खेळी, ही जोडी जमली की तुमच्या खेळाडू खेळी सुरू व्हायच्या आधीच जागेवर असतात.

आता खेळाडूंचा कागद. एका खेळाडूबद्दल तीनच गोष्टी. 'चांगली शूटर' हे लिहिणं म्हणजे काही न लिहिणं. असं लिहा:

"क्र. १२. डावखुरी. डावीकडे ड्रिबल घेतलं की थेट रिंगपर्यंत. उजवीकडे ढकलली की दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट. झेलून तीन पॉइंट मारते, ड्रिबलवरून नाही: क्लोजआउट (शूटरच्या अंगावर धावून जाणं) उंच हाताने, पाय जमिनीवर."

हे वाचून बचाव करणारीला कळतं की कुठला पाय पुढे ठेवायचा. वाचून पायच हलत नसेल तर कागद फुकट.

व्हिडिओ एकूण १०-१२ मिनिटांचा. नवी असिस्टंट ४० क्लिप दाखवते, कारण तिने ४०० पाहिलेल्या असतात. खेळाडूंना शेवटच्या पाचच आठवतात. शिवाय सक्तीने फिल्म पाहणं हे खेळाडूंच्या आठवड्याच्या २० तासांच्या मर्यादेत मोजलं जातं, हे विसरू नका.

स्काउटची जय-पराजयाची नोंद स्टाफमध्ये ठेवतात, उघड किंवा मनात. 'तिच्या स्काउटवर आपण ७-२ आहोत', असं वाक्य हेड कोचच्या तोंडून फोनवर दुसऱ्या हेड कोचकडे जातं. शिफारस म्हणतात ती हीच.

गावसकर_नव्हे_जॉर्डन

२० तासांचा हिशेब जरा उलगडाल का?

शेलड्रिल

हंगामात आठवड्याला कमाल २० तास, दिवसाला कमाल ४, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तास धरतात. वजनं उचलणं, फिल्म, वॉक-थ्रू (खेळी चालत करून बघणं) मोजतात. फिजिओकडचे उपचार मोजत नाहीत. सुट्टीच्या दिवशी हॉटेलच्या बॉलरूममध्ये १५ मिनिटं खुर्च्या मांडून सेट चालवला की सुट्टी गेली. चुका होतात त्या अशाच फुटकळ जागी. हंगामाआधी, पहिल्या सामन्याच्या मागच्या ४२ दिवसांत ३० सराव घेता येतात. कॅलेंडर आधी आखलं नाही तर सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सराव वाया जातात.

आणि सरावाची पहिली १५-२० मिनिटं उडी मारून उतरण्याच्या व्यायामांना द्या: दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग दिशा बदलून. उतरताना गुडघा आत वळतो का, ते समोरून बघायचं. बास्केटबॉलमध्ये मुलींना एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) दुखापत मुलांपेक्षा दोन ते चार पट जास्त होते. वेळ कमी पडला की नवे कोच पहिली कात्री इथेच लावतात.

चौथा_क्वार्टर

शेलड्रिल यांच्या प्रतिसादाला पुरवणी: सरावातली मुलं. भारतात ऐकून लोक चमकतात, पण अमेरिकेत महिला संघ सरावात विद्यार्थी मुलांविरुद्ध खेळतात. हे 'प्रॅक्टिस प्लेयर' त्याच कॉलेजचे पूर्णवेळ विद्यार्थी असावे लागतात, कम्प्लायन्सकडून त्यांची पात्रता तपासून घ्यावी लागते. कॅम्पसच्या जिममधून चांगली सहा-आठ पोरं हुडकून आणणं आणि टिकवणं हे बहुधा सर्वांत ज्युनियर कोचच्या गळ्यात पडतं.

नीट केलं तर सोनं. पोरांना प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमांकाच्या जाळीच्या बंड्या घाला, तुझा नंबर १२, तू डावखुरा, उजवीकडे गेलास तर थांबून शॉट. चुकलं तर काय होतं? पोरं आपलीच खाज भागवतात, उड्या मारून प्रत्येक शॉट ब्लॉक करतात. आपल्या पोस्ट (रिंगजवळ खेळणाऱ्या) खेळाडू मग शॉट उंच फेकायला लागतात, आणि गुरुवारी समोर तेवढी उंच कुणीच नसते. दुसरा तोटा, पहिल्या पाच जणी मुलांशी खेळतात आणि उरलेल्या दहा बाजूला उभ्या. बाजूच्या रिंगवर त्यांना काम देणं हेही त्याच ज्युनियर कोचचं डोकं.

सोलापुरी_शूटर

वाचनखूण साठवली. असं मराठीत पहिल्यांदा वाचतोय.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट

रिक्रूटिंगवर कुणी बोललं नाही. खरं तर डिव्हिजन १ मध्ये असिस्टंटची किंमत ठरते ती तिथे.

दहावी होईपर्यंत मुलीला थेट फोन-मेसेज नाही. वर्षाचं कॅलेंडर वेगवेगळ्या काळांत विभागलेलं असतं: कधी भेटता येतं, कधी नुसतं पाहता येतं, कधी तेही नाही. कॅम्पसबाहेर रिक्रूटिंग करण्याआधी कोचला नियमांची परीक्षा पास व्हावी लागते. खेळाच्या मैदानांपैकी शाळेपेक्षा क्लबचे उन्हाळी सामने महत्त्वाचे, नाइकीची ईवायबीएल ही क्लब लीग वगैरे. एका हॉलमध्ये आठ-दहा कोर्ट, सकाळी ८ ते रात्री १०, कडेला घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजांचे लोगो घातलेले कोच.

पॉइंट कुणी किती केले ते निकालात दिसतं, त्यासाठी विमानाने जायची गरज नाही. जाऊन बघायचं ते हे: बदली करून बाकावर बोलावल्यावर ती कुठे बसते, पाण्याची बाटली कुणाला देते, चुकीची शिट्टी वाजल्यावर परत धावते का, तिसऱ्या सामन्यात पाय जड झाल्यावरही बचावात गुडघे वाकवून राहते का.

आणि निर्णय घरात कोण घेतं ते ओळखा. कधी आई, कधी क्लबचा कोच, कधी आजी. मुलीला ३० मेसेज पाठवले आणि आजीशी एकदाही बोललं नाही, तर दुसरी कोच मुलगी घेऊन जाते.

छोट्या कॉलेजांची ठरलेली चूक म्हणजे आपल्या पातळीच्या वरच्या मुलींमागे दोन वर्षं धावणं. शहाणा स्टाफ तीन याद्या ठेवतो: मिळाली तर दिवाळी अशा, बरोबरीच्या, आणि अजून कुणाच्या नजरेत न आलेल्या. वेळेचा मोठा वाटा मधल्या यादीला.

पिकअँडरोल

ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीने, हे सगळं हलवलंय. २०१८ मध्ये पोर्टल आलं, २०२१ मध्ये एकदा बदलीची मोकळीक, २०२४ मध्ये कितीही वेळा. लेटर ऑफ इंटेंटही (खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र) २०२४ मध्ये बंद झालं. आता वसंतात दोन-तीन आठवड्यांत अर्धा संघ नव्याने उभारायची वेळ येते. नाव पोर्टलवर दिसेपर्यंत खेळाडूशी किंवा तिच्या माणसांशी बोलणं नियमभंग आहे, पण आपल्याला कुठल्या प्रकारची गार्ड हवी याचे क्लिप आणि आकडे मार्चच्या आधी तयार असले पाहिजेत. हे तयार ठेवणारी ज्युनियर कोच लगेच नजरेत भरते.

शिवाय खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची कमाल मर्यादा. तडजोडीत सामील संस्थांना महिला बास्केटबॉलमध्ये १५ खेळाडूंची मर्यादा. त्यामुळे 'जनरल मॅनेजर' हे नवं पद महिला संघांतही आलंय. करार, पैसे, पोर्टल यांचा हिशेब आवडणाऱ्या मुलीसाठी ही वेगळी वाट आहे. भारतातून एफ-१वर आलेल्या खेळाडूला मात्र या पैशांत व्हिसाची अडचण येते, हे त्या मुलीला रिक्रूट करतानाच स्वच्छ सांगायला हवं.

मिडरेंज_मावशी

वाटा कशा वेगवेगळ्या असतात याची उदाहरणं देते, म्हणजे 'याच वयात हे झालंच पाहिजे' ही धास्ती कमी होईल.

पॅट समिट १९७४ मध्ये २२व्या वर्षी टेनेसीची हेड कोच झाली. पगार महिना २५० डॉलर, संघाचे कपडे स्वतः धुवायचे, व्हॅन स्वतः चालवायची. १,०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. तशी सुरुवात आज कुणालाही मिळणार नाही, ते दिवसच वेगळे होते.

टारा व्हॅनडर्व्हीरने ओहायो स्टेटला शिकत असताना बिनपगारी मदतनीस म्हणून सुरुवात केली. १९७८ मध्ये आयडाहो, १९८० मध्ये पुन्हा ओहायो स्टेट, १९८५ मध्ये स्टॅनफर्ड. २०२४ मध्ये निवृत्त होताना १,२१६ विजय.

लिसा ब्लूडरची वाट मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. १९८४ मध्ये सेंट अँब्रोज, हे एनएआयएचं छोटं कॉलेज. मग ड्रेक, १० वर्षं. मग २००० ते २०२४ आयोवा. शेवटच्या दोन्ही वर्षी अंतिम सामना. सगळं एकाच राज्याच्या आसपास. म्हणजे तिथल्या शाळांचे कोच, जिम, पालक सगळे ४० वर्षांच्या ओळखीचे. तिच्या जागी आलेली जॅन जेन्सन ड्रेकपासून तिची असिस्टंट. आयोवात २४ वर्षं असिस्टंट राहून मग हेड कोच.

डॉन स्टेली याच्या उलट. २००० मध्ये टेम्पलची हेड कोच झाली तेव्हा ती स्वतः डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती, कॉलेजात असिस्टंट झालीच नाही. २००८ पासून साउथ कॅरोलायना. २०१७, २०२२, २०२४ ची विजेतेपदं. २०२५ मधला तिचा करार वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरचा. पण ती ऑलिंपिक सुवर्णविजेती पॉइंट गार्ड होती. हा अपवाद आराखडा म्हणून घेऊ नका.

गावसकर_नव्हे_जॉर्डन

आणि कनेटिकटचा कोच जीनो ऑरिएमा? १२ विजेतेपदं आहेत की. महिला संघाला पुरुष कोच हे तिथे खटकत नाही का?

मिडरेंज_मावशी

खटकतं, आणि कारण पैशात आहे. १९७२ चा टायटल नाइन कायदा (शिक्षणात लिंगभेदाला बंदी) आला तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांच्या ९० टक्क्यांहून जास्त कोच बायकाच होत्या, बहुतेक पीटीच्या बाई, जवळजवळ फुकट काम करणाऱ्या. कायद्याने महिला खेळांना बजेट मिळालं, १९८१-८२ पासून एनसीएएने स्पर्धा हातात घेतली, पगार वाढले, आणि पुरुष अर्ज करू लागले. आज सगळे महिला खेळ धरले तर निम्म्याहून कमी कोच बायका. बास्केटबॉलची स्थिती त्यातल्या त्यात बरी. उलट दिशेने, पुरुष संघांत बायका अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून खेळाडू मुलींना याच बाजूला ओढायला महिला बास्केटबॉल कोच संघटनेचा, डब्ल्यूबीसीएचा, वेगळा उपक्रम आहे: शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंना फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांच्या फेरीच्या) शहरात बोलावून रेझ्युमे, मुलाखत, करार शिकवतात. आपल्याच कॉलेजच्या कोचकडून नामांकन लागतं. हेड कोच विसरते, तेव्हा आठवण करून द्यायची.

चौथा_क्वार्टर

करारांविषयी लिहितो, कारण यात नव्यांचे डोळे उशिरा उघडतात.

हेड कोचचा करार चार-पाच वर्षांचा असतो, मुदतीआधी काढलं तर बायआउट (भरपाईची रक्कम) मिळतो. असिस्टंटचा बहुधा एकेक वर्षाचा, कधी नुसताच 'मर्जी असेपर्यंत'. हेड कोचला काढलं, किंवा ती मोठ्या जागी गेली, की अख्खा स्टाफ एका दुपारी मोकळा होतो. नवी हेड कोच स्वतःची माणसं आणते. मुख्य खांब हलला की छप्पर सगळ्यांचं जातं.

म्हणून जागा स्वीकारताना कॉलेजचं नाव दुसरं, हेड कोचचा करार पहिला. तिची किती वर्षं उरलीत? गेल्या दोन हंगामांचे निकाल कसे? तिला नेमणारा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर अजून आहे का? सरकारी विद्यापीठांचे करार सार्वजनिक कागद असतात, मागून वाचता येतात. तिच्या जुन्या असिस्टंट आज कुठे आहेत तेही बघा. दहा वर्षांत एकही असिस्टंट हेड कोच झाली नसेल तर ती कोच माणसं घडवत नाही, वापरते.

पत्रात लिहून घ्यायचं: स्टाफ बरखास्त झाला तर किती महिने पगार आणि विमा.

आई_बाकावरची

जाहिराती कधी येतात? मुलगी मे महिन्यात पदवी घेईल.

पिकअँडरोल

डिव्हिजन १ मध्ये मार्चच्या मध्यापासून हकालपट्ट्या, एप्रिलमध्ये हेड कोच, एप्रिल-मेमध्ये त्यांच्या असिस्टंट. ते खाली झिरपत झिरपत डिव्हिजन ३ आणि जीएच्या जागा जुलै-ऑगस्टपर्यंत निघतात. मे महिन्यात काहीच नाही म्हणून बँकेत नोकरी धरणारी मुलगी दोन महिने लवकर हरते.

एनसीएए मार्केट आणि हूपडर्ट या साइट रोज बघायच्या, पण लक्षात ठेवा, बऱ्याच जाहिराती विद्यापीठाच्या नियमापुरत्या असतात, माणूस आधीच ठरलेला असतो. अर्ज पोर्टलवर टाका आणि त्याच दिवशी हेड कोचला पाच ओळींचा ईमेल. पहिल्या ओळीत त्यांच्या संघाबद्दल एक खरं निरीक्षण, दुसऱ्या ओळीत आपण काय करू शकतो, मग दोन हेड कोचची नावं जी फोन उचलतील, आणि एका स्काउटचा दुवा. रेझ्युमे एक पान. 'बास्केटबॉलची नितांत आवड' हे वाक्य काढून टाका, सगळ्यांनाच असते.

जून-जुलैत कॅम्पमध्ये काम करा. पैसे किरकोळ, झोपायला वसतिगृहाची खोली, पण दिवसाला १२ तास चार-पाच कॉलेजांचे कोच तुम्हाला शिकवताना बघतात. आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत चेंडू न पडता ड्रिल चालवणं ही मुलाखतच असते.

सोलापुरी_शूटर

पतियाळाच्या एनआयएस डिप्लोमाला तिकडे भाव आहे का? आणि डिव्हिजन ३ मध्ये जागा सोप्या असतात का?

मिडरेंज_मावशी

एक वर्षाचा डिप्लोमा शिकायला चांगला आहे, पण अमेरिकेत कॉलेज कोचिंगला राष्ट्रीय परवाना असा नसतोच. जाहिरातीत पदवी मागतात, पुष्कळदा मास्टर्सला प्राधान्य, शिवाय बहुतेक ठिकाणी प्रथमोपचार, सीपीआर, एईडीचं प्रमाणपत्र. डिप्लोमा मास्टर्सच्या प्रवेशअर्जात उपयोगी, स्टाफच्या टेबलावर नाही. उलटही खरं: तिकडून परतून महाराष्ट्रातल्या कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांनी मास्टर्स, नेट-सेट किंवा पीएचडी आणि धावण्याची चाचणीसुद्धा लागते (तिशीपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर). अमेरिकी अनुभव तिथे पात्रतेत मोजत नाहीत.

डिव्हिजन ३ सोपी नाही, वेगळी आहे. बहुतेक जागांना जोडकाम असतं: प्रवेश कार्यालय, जिमची देखरेख, पीईचे वर्ग, नाहीतर सॉफ्टबॉलची असिस्टंट. शिष्यवृत्ती नसल्याने कॉलेजची फी पालकांना समजावून सांगता यायला हवी. आर्थिक मदतीच्या कागदांची माहिती असलेली कोच तिथे रिक्रूटिंगमध्ये बाजी मारते.

शेलड्रिल

हेड कोचच्या मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांसाठी: तिथे खेळींबद्दल फार विचारत नाहीत. एपीआर विचारतात, म्हणजे शैक्षणिक प्रगतीचा आकडा. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली तर संघ हंगामानंतरच्या स्पर्धांतून बाद. प्रवासाचं बजेट विचारतात. वेळापत्रक विचारतात: पैसे घेऊन मोठ्या संघांकडे किती सामने हरायला जाणार, आणि त्याने खेळाडूंचा धीर खचला तर काय? असिस्टंट असतानाच एकदा तरी बजेटची फाइल मागून घ्या.

चौथा_क्वार्टर

पुरुष संघातून किंवा भारतातून येणाऱ्यांनी एक नियम पाठ करून यावा. एनसीएएच्या पुरुषांकडे अजून २० मिनिटांचे दोन हाफ. महिलांकडे २०१५-१६ पासून १० मिनिटांचे चार क्वार्टर. संघाच्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो आणि क्वार्टर बदलला की मोजणी शून्य. म्हणजे क्वार्टर संपायला ४० सेकंद आणि आपले फाउल तीनच असतील तर एक फाउल हातात आहे. बाकावरची ज्युनियर कोच हे मोजून हेड कोचच्या कानात सांगते.

दुसरं, चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेतला तर चेंडू पुढच्या कोर्टात नेऊन बाजूने टाकता येतो. पण टोपली झाल्यावर लगेच, किंवा रिबाउंड घेतल्यावर वा चेंडूचा ताबा बदलल्यावर ड्रिबल-पासने चेंडू पुढे सरकवण्याआधी घेतला तरच. गार्डला सवय असते रिबाउंड हातात आला की पळत सुटायची. दोन ड्रिबल झाले की हक्क गेला, आणि मग ४ सेकंदांत पूर्ण कोर्ट पार करायचं. यासाठी सरावात रोज शेवटची तीन मिनिटं ठेवा: फलकावर ६ सेकंद, एक पॉइंटने मागे, रिबाउंड, आणि बाकाकडे न बघता तोंडाने 'टाइमआउट'.

गावसकर_नव्हे_जॉर्डन

हे तोंडाने कोण म्हणणार, खेळाडू की कोच?

चौथा_क्वार्टर

दोघी म्हणू शकतात. पण गर्दीच्या आवाजात बाकावरची हाक पंचाला ऐकू जात नाही. रिबाउंड घेणारीनेच जवळच्या पंचाकडे वळून म्हणायचं, म्हणून आधी कोर्टवर जवळचा पंच कोणता ते बघायला शिकवा. तीन पंच असतात. बेसलाइनवरचा त्या क्षणी सर्वांत जवळ असतो.